बरो की डॅनियल्स: एलएसयूचा लांबचा चेंडू खरा कोणाचा?

बायूकाठ

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल बोलतोय. नवीन असणाऱ्यांसाठी एवढंच की क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो, चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन, आणि चाल सुरू होते त्या रेषेपासून २० यार्डांपलीकडे हवेतून गेलेल्या फेकीला साधारणपणे ‘डीप’ म्हणतात.

मी बॅटन रूजला, म्हणजे एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गावात, शिकत होतो. जो बरोचा २०१९चा हंगाम टायगर स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून बघितलाय, त्यामुळे पुढचं वाक्य लिहिताना हात जड होतोय. तरी लिहितो. फक्त लांबच्या फेकीपुरतं बोलायचं तर एलएसयूचा सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक बरो नाही, २०२३चा जेडन डॅनियल्स आहे.

तुलनेला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. विद्यापीठ एक, मैदान एक, हाइजमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) दोघांना. दोघंही दुसऱ्या कॉलेजातून आलेले, बरो ओहायो स्टेटमधून आणि डॅनियल्स अॅरिझोना स्टेटमधून. बरोकडे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन, डॅनियल्सकडे मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस ज्युनिअर, आणि हे चौघंही पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत निवडले गेले. म्हणजे ‘रिसीव्हर चांगले होते म्हणून’ हा नेहमीचा मुद्दा दोन्हीकडून कटतो.

बरो: ५२७ फेकी, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन. डॅनियल्स: ३२७ फेकी, ३,८१२ यार्ड, ४० टचडाउन. दर फेकीमागे बरोचे १०.८ यार्ड, डॅनियल्सचे ११.७. झेलल्या गेलेल्या दर पासमागे बरो १४.१, डॅनियल्स १६.२. पासर रेटिंग, म्हणजे फेकीच्या कामगिरीचा एकत्रित गुण, बरोचं २०२, डॅनियल्सचं २०८.

पण माझं मत आकड्यांवरून झालेलं नाही, चेंडूच्या कमानीवरून झालंय. डॅनियल्सचा चेंडू उंच जायचा आणि रिसीव्हरच्या पुढ्यात असा उतरायचा की नेबर्सला पाऊल आवरावं लागत नसे. आणि हे तो शिकला, हे मला सगळ्यात भावतं. २०२२मध्ये त्याची सरासरी फेकीमागे ७.५ यार्ड होती आणि तो लांब फेकायला कचरतो असं सगळे म्हणत होते. पुढच्या उन्हाळ्यात व्हर्च्युअल रिअॅलिटीचा चष्मा लावून, खेळाचा वेग मुद्दाम वाढवून, तो बचावाची मांडणी वाचायचा सराव करत राहिला. एका वर्षात ७.५चे ११.७ झाले.

पाचवा_रिसीव्हर

बायूकाठ, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही दिलेला एकही आकडा लांब फेक मोजत नाही. फेकीमागच्या यार्डांत झेलल्यानंतरची धावही येते. तुमच्या लाडक्या बरोचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, टेक्सासविरुद्ध थर्ड अँड सेव्हन्टीन, म्हणजे तिसरी चाल आणि अजून १७ यार्ड हवेत. अंगावर चाल करून येणाऱ्यांतून बरो पुढे सरकला आणि फेकला, जेफरसनने ६१ यार्डांचा टचडाउन केला. त्या ६१पैकी बरेचसे यार्ड जेफरसनच्या पायांचे. तो पास मला जिवापाड आवडतो, पण लांब फेकीचा पुरावा म्हणून मी तो मांडणार नाही. नेबर्स तर झेलल्यावर माणसं चुकवण्यातच वाकबगार. मग त्या १६.२मध्ये डॅनियल्सचा हात किती आणि नेबर्सचे पाय किती, ते आधी वेगळं करा.

दुसरं, समोर कोण होतं? २०१९च्या संघाने त्या त्या वेळी क्रमवारीत पहिल्या दहात असलेले सात संघ हरवले. अलाबामाला त्यांच्या घरी ४६-४१. अंतिम सामन्यात क्लेमसनला ४२-२५, आणि त्यात बरोचे ४६३ यार्ड. चेसवर त्या रात्री क्लेमसनचा कॉर्नर (रिसीव्हरला झाकणारा बचावपटू) ए. जे. टेरेल होता, जो तीन महिन्यांनी पहिल्या फेरीत निवडला गेला. चेसने त्या सामन्यात २२१ यार्ड काढले, त्यातले बरेच त्याच्या डोक्यावरून. २०२३चा संघ फ्लोरिडा स्टेट, ओले मिस आणि अलाबामा या तिघांकडूनही हरला. बचाव वाईट होता, मान्य. पण मोठ्या सामन्यात झाकलेल्या माणसाकडे लांब फेकण्याची वेळ बरोवर कितीतरी जास्त आली.

तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा, डॅनियल्सचे पाय. फ्लोरिडाविरुद्ध त्याने ३७२ यार्ड फेकले आणि २३४ यार्ड धावला. हंगामात धावून ११०० यार्डांच्या वर. अशा माणसासमोर सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, मागे उभाच राहू शकत नाही, त्याला पुढे यावंच लागतं. सेफ्टी पुढे आला की मागे अख्खं रान मोकळं. बरो चपळ होता, पण त्याच्या धावेच्या धास्तीने कुणी आपली मांडणी बदलली नाही.

नॉक्सविलकर

दोघांच्या भांडणात आमच्या टेनेसीचाही विचार करा. १५ ऑक्टोबर २०२२, आमचं नीलंड स्टेडियम, समोर अलाबामा. आमचा क्वार्टरबॅक हेंडन हूकरने एकट्या जॅलिन हायटला पाच टचडाउन दिले. सहा झेल, २०७ यार्ड. ५२-४९. मी त्या दिवशी स्टेडियमबाहेर होतो, तिकीट मिळालं नव्हतं. तो आवाज अजून कानात आहे.

पण प्रामाणिकपणे सांगतो, हूकरला मी या स्पर्धेत उतरवणार नाही. आमचा प्रशिक्षक जॉश हायपल रिसीव्हरना जवळजवळ सीमारेषेला चिकटवून उभं करतो, दोन चालींमध्ये उसंत देत नाही, आणि बचावातला प्रत्येक माणूस एकेकटा पडतो. हायट त्यातल्या कित्येक वेळा निव्वळ मोकळा होता. मोकळ्या माणसाकडे ४० यार्ड फेकणं सोपं नाही, पण ते वेगळं काम आहे. म्हणून माझा प्रश्न असा की दोघांपैकी कोणाला मांडणीने जास्त हात दिला? बरोकडे एनएफएलच्या सेंट्स संघाकडून आलेला प्रशिक्षक जो ब्रेडी होता, पाच-पाच रिसीव्हर पसरवून बचावाला आधीच उघडं पाडणारा. तेव्हा पाचवा_रिसीव्हर, तुम्ही पायांचा मुद्दा काढलात तर हाही धरा.

हॅशमार्क_२०१४

तुम्ही तिघंही मैदानाची रुंदी विसरलात. मी इथे हायस्कूलच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर असतं.

कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमार्कमध्ये (चाल सुरू करताना चेंडू ज्या दोन ओळींच्या मध्ये ठेवतात त्या खुणा) ४० फूट अंतर असतं. एनएफएलमध्ये साडेअठरा. मैदान १६० फूट रुंद. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी सीमारेषा १०० फुटांवर, म्हणजे ३३ यार्ड. आता क्वार्टरबॅक रेषेच्या ७ यार्ड मागे आहे आणि रिसीव्हर उजव्या कडेला, ४० यार्ड पुढे, आडवा ३० यार्डांवर. सरळ अंतर काढा, ५६ यार्ड भरतात. नोंदवहीत ४० लिहिलं जातं. डाव्या हॅशवरून डाव्याच कडेला तीच फेक ५० यार्डांच्या आत होते, आणि नोंदवहीत तीही ४०च. कोण कुठल्या हॅशवरून कुठे फेकतो हे न बघता दोन क्वार्टरबॅक तोलणं म्हणजे चढावर धावणारा आणि उतारावर धावणारा एकाच घड्याळाने मोजण्यासारखं आहे.

आणखी एक. कॉलेजात पास इंटरफिअरन्सची, म्हणजे झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवण्याची, शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये जिथे पकडलं तिथे चेंडू ठेवतात, ४५ यार्डांवर पकडलं तर ४५. त्यामुळे हरलेला कॉर्नर कॉलेजात सरळ मिठी मारतो, कारण टचडाउनपेक्षा १५ यार्ड स्वस्त. दंड स्वीकारला की ती फेक आकड्यांत धरलीच जात नाही. चांगल्या लांब फेकीतल्या काही अशाच गायब होतात, आणि ज्याच्या फेकीने कॉर्नर घाबरतो त्याच्या जास्त.

सदाशिव_काका

हॅशमार्क यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी १९८४ साली बॉस्टनमध्ये होतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी जेरार्ड फेलनला जो पास दिला, तो पुस्तकात ४८ यार्डांचा आहे. फ्लूटी मागे सरकत सरकत स्वतःच्या भागात गेला होता. चेंडू हवेत साठ यार्डांच्या वर गेला. उंचीने पाच फूट दहाच्या आतबाहेरचा माणूस, आणि मायामीच्या सेफ्टींना वाटलं इतक्या लांब येणारच नाही, म्हणून ते पुढे उभे राहिले. दिवाणखान्यात आम्ही चौघं मराठी पोरं होतो, खेळाचे नियम धड कळत नव्हते, तरी सगळे एकदम उठून उभे राहिलो.

बायूकाठ

काका, अंगावर काटा आला.

पाचवा_रिसीव्हर, झेलल्यानंतरच्या यार्डांचा मुद्दा मान्य. तो आकडा पुढे करायला नको होता. पायांचा मुद्दा मात्र अर्धाच मान्य. सेफ्टी पुढे आला की मागे रान मोकळं होतं, खरं आहे. पण त्या रानात कॉर्नर असतोच, आणि बचाव माणसाला माणूस लावून खेळत असेल तर तो रिसीव्हरच्या खांद्याला खांदा लावून धावत असतो. हवेत अडीच-तीन सेकंद राहणारा चेंडू त्या दोघांच्या पलीकडे उतरवायला पाय उपयोगी पडत नाहीत. थॉमसच्या १७ टचडाउनपैकी बरेच मी पुन्हा पुन्हा पाहिलेत. एका हाताच्या अंतरावर कॉर्नर असतो आणि चेंडू बरोबर बाहेरच्या बाजूला.

बरोची लांब फेक मला वेगळी वाटते. तो चेंडू कॉर्नरच्या पाठीमागच्या खांद्याकडे टाकायचा, म्हणजे चेस वळून, उडी मारून काढेल. ते सुंदर होतं. पण त्यात निम्मं काम चेसचं. चेसच्या जागी साधा रिसीव्हर ठेवला तर त्यातल्या किती फेकी हातात राहतील?

पाचवा_रिसीव्हर

तिथेच आपली फारकत होते. खांद्याकडे टाकलेला चेंडू तुम्ही ‘कमी पडलेला’ म्हणून वाचता, मी मुद्दाम तिथे टाकलेला म्हणून. कॉर्नर पाठ करून जिवाच्या आकांताने धावतोय, त्याला थांबता येत नाही. चेसला कळतंय कुठे थांबायचं, कारण बरोने तिथेच टाकायचं दोघांचं ठरलेलं आहे. हे उन्हाळाभर दोघांनी मिळून केल्याशिवाय येत नाही. चेसला यातून बाजूला काढता येत नाही, मान्य, पण म्हणून बरोचं श्रेय कमी कसं होतं? कॉर्नर चेंडू बघण्याआधीच चेंडू निघालेला असतो. हात किती ताकदीचा यापेक्षा मी तेच धरतो, चेंडू हातातून कधी सुटला. डॅनियल्स कित्येकदा रिसीव्हर मोकळा झाल्याचं बघून मग फेकायचा, आणि त्याच्या हातात ताकद असल्याने ते चालून जायचं.

आज रात्री वेळ असेल तर क्लेमसनविरुद्धचा पहिला टचडाउन काढा, चेसचा ५२ यार्डांचा. चेसकडे बघू नका. चेंडू सुटतो तिथे थांबवा, आणि त्या क्षणी चेस टेरेलच्या पुढे आहे की बरोबर, ते मला इथे लिहा.

बायूकाठ

बघतो. तुम्हीही थॉमसचे बघा, हॅशसकट.