लीन बीफ खिमा: 93/7 साठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

पारिजात (एडिसन, न्यू जर्सी)
आधीच सांगते, बीफ खावं की नाही हा वाद इथे नको, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्याकडे खातात, आठवड्यातून एकदा तरी खिमा होतोच. मागच्या महिन्यात नवऱ्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162 आलं, म्हणजे जास्तच, वय फक्त 41, आणि त्याच संध्याकाळी दुकानात ग्राउंड बीफच्या ट्रेवरचं लेबल मी पहिल्यांदा नीट वाचलं. इतकी वर्षं 80/20, म्हणजे 80 टक्के लीन (बिनचरबीचं मांस) आणि 20 टक्के चरबी, उचलत होतो, 80 टक्के लीन म्हणजे चांगलंच असणार ना! पण ते टक्के वजनाचे असतात, कॅलरीचे नाही. कच्च्या 80/20 च्या 100 ग्रॅममध्ये साधारण 254 कॅलरी, त्यातल्या 180 एकट्या चरबीच्या. 93/7 मध्ये तेवढ्याच वजनाला 150 च्या आसपास, आणि प्रोटीन उलट जास्त. माझं ठाम मत, घरात हार्टचा त्रास असेल तर 93/7 च्या खाली उतरूच नये, पाउंडामागे दोन-तीन डॉलर जास्त गेले तरी.

तांबडापांढरा
पारिजातताई, नवऱ्याची काळजी कळते पण पैशाचं गणित पटलं नाही. तुम्ही कच्च्याचे आकडे धरताय, कच्चं कोण खातंय? 80/20 कढईत मोकळं परतलं की चरबी सुटते, कढई तिरकी करून ती काढून टाकायची. तसं केल्यावर 100 ग्रॅम शिजलेल्या खिम्यात 17 ग्रॅमच्या आसपास चरबी राहते, 93/7 मध्ये नऊ-दहा. म्हणजे 20 आणि 7 मधलं अंतर बरंच कमी झालं की नाही? मी तर पुढे जाऊन परतलेला खिमा चाळणीत घेऊन वरून गरम पाणी ओततो, अजून निघते, मग कांदा आलं-लसूण मसाला वेगळा परतून त्यात टाकतो. (चरबी सिंकमध्ये ओतू नका कोणी, थंड झाली की पाइपात घट्ट बसते, जुन्या डब्यात गोळा करून कचऱ्यात टाका.) आमच्या घरी चार खाणारी तोंडं आहेत, दर आठवड्याला जास्तीचे पैसे सगळ्यांना जमत नाहीत हो.

पारिजात
दादा पैशाचा मुद्दा मान्य. पण अंतर कमी झालं तरी 17 म्हणजे जवळजवळ दुप्पटच आहे ना. आणि आमच्यासाठी प्रश्न सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या चरबीचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणतं दिवसाच्या 2000 कॅलरी धरल्या तर सॅच्युरेटेड 13 ग्रॅमपर्यंतच ठेवा. निथळलेल्या 80/20 च्या एका वाटीतच त्यातला निम्मा कोटा जातो, मग सकाळचा दुधाचा चहा, पोळीवरचं तूप कुठे बसवायचं? आणि खरं सांगू, पाण्याने धुतलेला खिमा मी करून बघितला, मसाला कितीही घाला, आतून बेचव लागतो.

वसईवाला (मिसिसागा)
लेबलवरून आठवलं. इथे कॅनडात 'लीन' लिहिलेल्या खिम्यात 17 टक्क्यांपर्यंत चरबी चालते, 'एक्स्ट्रा लीन' मध्ये 10. तुमच्याकडे ग्राउंड बीफवर '80 टक्के लीन' छापता येतं, पण नुसतं 'लीन' म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये चरबी 10 ग्रॅमच्या आत लागते. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच शब्द आणि माल वेगळा! म्हणून बायकोला सांगून ठेवलंय, शब्द वाचू नको, आकडा वाच.
बाकी मी पारिजातच्या बाजूने. आमच्या वसईच्या घरी आजी पोटॅटो चॉपचं सारण करायची ते कोरडंच लागायचं, चरबीवालं सारण भरलं की तळताना चॉप फुटतात. तिथे लीनच पाहिजे. बर्गरला मात्र 93/7 वापरू नका, चामड्याच्या चपलेसारखं होतं.

कढीपत्ता
सगळ्यांचे आकडे वाचले आणि मला वाटतं मूळ गोष्ट बाजूलाच राहतेय. किती खाताय ते कोणी बोलतच नाहीये. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडचा सल्ला आहे, रेड मीट आठवड्याला शिजलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या वर नको, आणि त्यात मटण पण आलं बरं का, फक्त बीफ नाही. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या 2018 च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये पण आहे, दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून त्यात वेगळा नोंदवलाय. मी डायटिशियन नाही, पण माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून स्वयंपाकघर मीच बघते. लीन आणलं की माणूस निर्धास्त होतो आणि दोन वाट्या जास्त खातो, हे आमच्याच घरात झालं. वर 93/7 कोरडं पडतं म्हणून फोडणीला चार पळ्या तेल! मग फायदा कुठे राहिला? त्यापेक्षा अर्धा खिमा आणि अर्धी मसुराची डाळ घाला, 80/20 असलं तरी चालेल.

पारिजात
कढीपत्ता, तेलाचं अगदी बरोबर बोललीस, मी पण हात सैल सोडत होते. फक्त एक, तेलातली चरबी आणि बीफमधली चरबी सारखी नाही, कॅनोलाच्या एका टेबलस्पूनमध्ये सॅच्युरेटेड जेमतेम एक ग्रॅम असतं, तुपात मात्र सात-आठ. म्हणून लीन खिमा आणि दोन चमचे तेल हा हिशोब एलडीएलसाठी 80/20 पेक्षा चांगलाच आहे. मसुराचं नक्की करून बघते.

गावठी_कोंबडा
एवढं कशाला, टर्की आणा की.

वसईवाला
टर्कीचं पण लेबल बघा रे. 85/15 पण मिळतं, त्यात कातडी आणि चरबी दळलेली असते, ते 93/7 बीफपेक्षा जड.

तांबडापांढरा
ताई मी अजून माझ्याच मतावर आहे, ज्याचे रिपोर्ट नॉर्मल त्याने निथळून 80/20 खावं. पण तुमच्या घरी 162 आहे, तिथे मी पण 93/7 च घेतलं असतं. ते कोरडं पडू नये म्हणून एक सांगतो, खिमा टाकल्यावर लगेच उलथनं घालू नका. मोठ्या आचेवर तीन मिनिटं तसाच राहू द्या, खालून तांबूस झाला की मग फोडा, नाहीतर पाणी सुटतं आणि उकडल्यासारखा होतो. दही शेवटी, गॅस बारीक करून, दोन चमचे. एका पाउंडाला किसलेला एक कांदा पुरतो.

पारिजात
दही आधी घालत होते मी! शनिवारी करते, मसूर अर्धी वाटी भिजवून. शिजायला दोन्ही एकत्र टाकायचं की मसूर आधी, कढीपत्ता?

कढीपत्ता
मसूर आधी, बोटचेपी होईपर्यंत. तिचं पाणी टाकून देऊ नकोस, खिमा आटला की तेच घाल.