पंखा डायरेक्ट फिरतो म्हणून दोष सेन्सरचाच?

गाडीचा रेडिएटरचा पंखा आपोआप लागत नाही, पण बॅटरीवरून थेट वायर दिल्यावर फिरला, म्हणजे मोटर ठीक, तापमानाचा सेन्सर बदला, असं एकाने सुचवलंय. मला ते घाईचं वाटतं. मधे फ्यूज, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग, रेझिस्टर (स्लो स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) एवढं सगळं आहे की! आधी इंजिन थंड असताना इग्निशन ऑन करा आणि कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर काढा (हात पात्यांपासून लांब). बऱ्याच गाड्यांत सिग्नल तुटला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सुरक्षेसाठी स्वतःच पंखा लावतो. फिरला तर रिले-वायरिंग धड; मग संशय सेन्सरवर, नाहीतर कूलंट कमी होऊन सेन्सरपाशी हवा अडकली असेल. चेक इंजिनचा दिवा लागेल, ईसीयूत नोंदलेला एररचा कोड नंतर पुसता येतो.

दोन स्पीडच्या पंख्यात बहुतेकदा रेझिस्टर जळतो. स्लो स्पीड गायब, म्हणून ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा चढत राहतो आणि पंखा उशिरा, एकदम जोरात सुरू होतो. आणि थेट करंटवर फिरलेली मोटरही निर्दोष नसते: अडलेली मोटर हलकेच ठोकल्यावर फिरली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत. पंखा चालू असताना मोटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत मल्टिमीटरवर ०.५ व्होल्टच्या वर दिसलं, तर अर्थिंगचा जोड घासून साफ करा.