स्कूबा: बेल्टला नेमके किती किलो? मदत हवी आहे (जरा घाई आहे)

पाणकोंबडा
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात स्कूबाचा ओपन वॉटर (पहिला) कोर्स झाला. शेवटच्या दोन्ही डाइव्हला वर उसळलो, सेफ्टी स्टॉप (वर येताना 5 मीटरला थांबणं) झालाच नाही. बेल्टला 10 किलो शिसं होतं. डिसेंबरात नेत्राणी बेटावर (कर्नाटक) डाइव्हचं बुकिंग आहे. 12 लावू का 14? "इन्स्ट्रक्टरला विचार" असं कृपया सांगू नका, विचारून झालंय. "सराव झाला की जमेल" म्हणाले. मला आकडा हवाय.

सिडकोचा_पैलवान
भाऊ, 10 किलो तर वॉर्मअपला पण कमी. आणि एवढ्याला बेल्ट कशाला? 60-70 च्या पुढे गेल्यावर बेल्ट बांधावा. उसळतोयस म्हणजे फॉर्म चुकतोय, व्हिडिओ टाक.

पाणकोंबडा
दादा, स्कूबा. पाण्याखालचं. शीर्षक वाचा.

खारेपाणी
आकडा सांगते, पण आधी तू सांग. तुझं वजन? सूट किती जाडीचा? सिलिंडर कशाचा? उसळलास तेव्हा गेजवर किती बार (सिलिंडरमधल्या उरलेल्या हवेचा दाब) होते? आणि तेव्हा बीसीडीत (अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटात) हवा होती की रिकामी?

पाणकोंबडा
वजन 78. सूट होता, भाड्याचा. सिलिंडर नेहमीचा. बार आठवत नाहीत, डाइव्ह संपत आली होती. एवढं सगळं कशाला लागतं?

देवबागकर
अरे बाबा, नेहमीचो म्हणजे कसलो? अॅल्युमिनियमचो काय लोखंडाचो? दोघांत दोन-तीन किलोचो फरक पडता.

दहा_टक्के
उगाच पाल्हाळ नको. शरीराच्या वजनाचे 10 टक्के, समुद्र असेल तर वर 2 किलो. 78 चे 7.8 अधिक 2, म्हणजे 10 बरोबरच होते. तरी वर गेलास म्हणजे सिलिंडर रिकामा होऊन हलका झाला. 12 लाव आणि विषय संपव. मी 11 वर्षं हेच करतोय.

खारेपाणी
11 वर्षं दोन किलो जास्त वाहताय, एवढंच त्यातून कळलं. 78 किलोचा कबड्डीपटू आणि 78 किलोचा पोटवाला, दोघांना एकच आकडा? चरबी तरंगते, स्नायू बुडतात. त्यात एक 3 मिमी सूट घालणार, दुसरा 5.

गोदाकाठचे_काका
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गांधी तलावात पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलून द्यायचे. डब्याला भोक पडलं की आपोआप पोहायला यायचं. पुढे होळकर पुलावरून उड्या मारल्या. हल्लीच्या पोरांना पाण्यात शिरायला शिसं आणि पाण्यातून निघायला हवा लागते, मज्जा आहे.

खारेपाणी
काका, हसू नका, याचा रोग तोच आहे. याच्या पाठीला डबा होता आणि कमरेला धोंडा. पाणकोंबड्या, बीसीडीचं उत्तर दिलं नाहीस.

पाणकोंबडा
बरं, सविस्तर. नाशकात तलावात सराव झाला तेव्हा 4 किलो होते. समुद्रात पहिल्या डाइव्हला 6 दिले. बुडालोच नाही, म्हणून गाईडने बोटीवरून आणखी 2 दिले, दुसऱ्या दिवशी आणखी 2. सूट 3 मिमी, सिलिंडर अॅल्युमिनियमचा (फोन करून विचारलं). खाली असताना सारखा तळाला टेकत होतो, म्हणून बीसीडीत हवा भरायला इन्फ्लेटर दाबत राहायचो. वर येताना 5 मीटरला थांबायचं तर थांबताच येईना. हवा सोडायचं बटण दाबलं, पण हवा गेलीच नाही. बस एवढंच.

खारेपाणी
"बस एवढंच" म्हणे! हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

समज, तुझ्याकडे 3 किलो जास्तीचे आहेत. 18 मीटरवर ते तोलायला बीसीडीत जास्तीची 3 लिटर हवा भरावी लागते. तिथे दाब 2.8 बार, 5 मीटरवर 1.5. म्हणजे ती 3 लिटर हवा वर येताना साडेपाच लिटरच्या पुढे फुगते. वेळच्या वेळी सोडली नाहीस तर अडीच किलोचा नवा डबा पाठीला बांधल्यासारखं होतं. वजन कमी पडलं म्हणून नाही, जास्त होतं म्हणून उसळलास.

खूण सोपी आहे. बीसीडी पूर्ण रिकामी असूनही वर जात असशील, तर वजन कमी. बीसीडीत हवा असेल तर आधी ती काढ, मग वजनाकडे बघ. आणि बटण दाबून हवा गेली नाही, कारण तू आडवा होतास आणि बीसीडीची नळी छातीशी. हवा नेहमी वरच्या टोकाला जमते. अंग थोडं उभं कर, नळी डोक्यावर ताण, मग दाब. नाहीतर खांद्यावरच्या झडपेची दोरी ओढ.

दहा_टक्के
आणि सिलिंडर हलका होतो त्याचं काय? ते सोयीस्करपणे विसरलात.

खारेपाणी
नाही, तो मुद्दा खरा आहे. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला अडीच किलोच्या वर हवा असते, 50 बार उरेपर्यंत त्यातली दोन किलो संपते. अॅल्युमिनियमचा सिलिंडर तेव्हा चक्क तरंगायला लागतो. म्हणूनच वजन डाइव्हच्या शेवटी तपासायचं. 50 बार उरलेले, बीसीडी रिकामी, पाण्यात उभा राहा, हातपाय हलवू नकोस, नेहमीचा श्वास घेऊन धर. पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे, श्वास सोडलास की हळूहळू बुडायला हवास. भरलेल्या सिलिंडरवर तपासलंस तर वर दोन किलो धर.

नवखी_डाइव्हर
थांबा! श्वास धरायचा? आम्हाला तर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की श्वास कधीच कोंडायचा नाही.

खारेपाणी
बरोबर शिकवलंय. ही तपासणी पृष्ठभागावरची. खाली असताना, विशेषतः वर येताना, श्वास कोंडायचा नाही म्हणजे नाहीच, फुप्फुस फाटू शकतं.

देवबागकर
माका एक सांग, खाली जाताना पाय मारत होतंस काय?

पाणकोंबडा
हो, थोडे. उभं राहायला.

देवबागकर
थयच मेलंस! उभ्याने फिन्स मारल्यास की माणूस वरच जाता. त्यात नवीन माणूस घाबरून छाती भरून श्वास घेता, तो फुग्यासारखो. सूटही कोरडो, त्यात हवा अडाकलेली. गाईडक वाटता वजन कमी, आणि तो दोन किलो वाढवता. सीझनमध्ये असे दहा बघतंय. पाय एकावर एक ठेव, श्वास पुरो सोड, थोडो धीर धर. दोन मीटर खाली गेलंस की मग आपोआप जातलंस.

घाटमाथा
कुणी विचारलं नाही तरी सांगतो. परत येताना शेवटची डाइव्ह करून त्याच रात्री घाट चढू नकोस, डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. विमानासाठी एका डाइव्हनंतर 12 तास आणि बऱ्याच डाइव्ह केल्या तर 18 तास थांबायला सांगतात. घाटालाही तेवढाच मान दे.

गोदाकाठचे_काका
होळकर पुलावरून उडी मारून मी थेट घरी जेवायला जायचो.

पाणकोंबडा
अपडेट. रविवारी तोच 3 मिमी सूट आणि अॅल्युमिनियमचा सिलिंडर मागवून तलावात उतरलो. 50 बार उरेपर्यंत तळाशी पडून राहिलो, लाइफगार्ड दोनदा डोकावून गेला. 3 किलोवर पाणी बरोबर डोळ्यांशी! पण समुद्रात किती धरू?

खारेपाणी
खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड. तू आणि सामान मिळून 100 किलो धर, म्हणजे अडीच किलो वाढव. साडेपाच, बेल्टवर 6. पहिल्या दिवशी दिलेलेच की! तरी नेत्राणीला पहिली डाइव्ह संपताना पुन्हा तपास.

दहा_टक्के
मी 8 म्हणेन. एखाददुसरा जास्त असलेला बरा.

पाणकोंबडा
6 च लावतो. आता एकच, स्वतःचे वजनाचे ठोकळे घ्यायचे तर नाशकात शिसं कुठे मिळेल? भंगारवाला म्हणतो घेऊन जा आणि घरी वितळवून ओत.

नवखी_डाइव्हर
घरी नका वितळवू, शिशाचा धूर विषारी असतो.

सिडकोचा_पैलवान
भाऊ, माझ्याकडे अडीच किलोच्या लोखंडी प्लेटा पडून आहेत. भोक पण आहे, बेल्ट आरपार जाईल. चालतील का?

खारेपाणी
गंजतील. आणि शिशापेक्षा लोखंड हलकं, तेवढ्याच वजनाला मोठी प्लेट कमरेला लटकणार. पण यावेळी शीर्षक वाचलंत, धन्यवाद.