मदत हवी आहे: हुर्मुझानबद्दल कुठे वाचायला मिळेल?

मंडळी, इराणचं सासानी साम्राज्य बुडताना अरबांशी झुंजलेल्या सेनापतींवर वाचतोय. रुस्तमवर भरपूर सापडतं, पण तो कादिसियाच्या लढाईतच पडला. मला हवाय हुर्मुझान. तोही तिथे लढला, निसटून नैऋत्य इराणमधल्या खुझिस्तानात आला, तह केले, मोडले आणि शेवटी कारून नदीकाठच्या शूश्तरच्या तटाआड ठाण मांडून बसला. शहर वेढ्याला दाद देईना. पडलं ते फितुरीने.

कैद करून मदिनेत खलिफा उमरपुढे नेल्यावर त्याने प्यायला पाणी मागितलं. 'हे पिईपर्यंत मारणार नाही' असा शब्द मिळताच पाणी सांडून टाकलं. जीव वाचला. ६४४ साली उमरचा खून झाला, तेव्हा कटाच्या संशयावरून उमरच्या मुलाने, उबैदुल्लाहने, त्याला मारलं.

अडचण अशी की इतिहासकार तबरीने हे अरबीत लिहिलं अडीचशेहून अधिक वर्षांनी. त्याच्याकडे फितूर पाण्याच्या वाटेने शत्रूला आत घेतो; सातव्या शतकातल्या सिरियाक (तिथल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) इतिवृत्तात मात्र तटाला लागून असलेलं घर आणि भिंतीखालून खणलेलं भुयार येतं. मला दुसरं जास्त पटतं. पाण्याच्या प्याल्याची गोष्ट अरबी इतिहासकारांखेरीज कुणी सांगितली आहे का? आणि मराठीत हुर्मुझानवर काही आहे का? नसल्यास सोप्या इंग्रजीतलंही चालेल.