फोनचा स्वतःचा स्पीकर अजून कशाकशाला लागतो? (अनुभव धागा)

इअरबड्स स्वस्त झाले, घरोघरी ब्लूटूथ स्पीकर आले. तरी सकाळच्या बातम्या, पाककृतीचा व्हिडिओ, गावाकडून आलेला फोन आणि नातवंडांनी पाठवलेला व्हॉइस मेसेज हे सगळं अजून फोनच्या बुडाशी असलेल्या नखाएवढ्या स्पीकरवरच ऐकलं जातं. ज्यांचा या स्पीकरशी रोजचा संबंध आहे, म्हणजे दुरुस्ती करणारे, ध्वनिमुद्रणवाले, गाणं शिकवणारे, श्रवणयंत्रं बसवणारे, त्यांनी आपला अनुभव लिहावा म्हणून हा धागा. विनंती एवढीच की "मस्त आहे" किंवा "भंगार आहे" यावर थांबू नका. काय होतं, किती होतं आणि का होतं, ते लिहा. कामाच्या गोष्टी त्यातच असतात.

स्पीकरच्या रचनेवर काम करणारे

आधी आकार लक्षात घ्या. बऱ्याच फोनमधल्या स्पीकरचा पडदा साधारण ११ बाय १५ मिलिमीटर असतो आणि त्याला पुढे-मागे हलायला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या वारंवारतेला (वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) काढायचा, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. ८०० हर्ट्झला तो ०.१ मिलिमीटर हलत असेल, तर ४०० ला ०.४ आणि २०० ला १.६ मिलिमीटर हलायला हवा. तेवढी जागाच नसते. म्हणून साधारण ७०० ते ९०० हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो, दर सप्तकाला (म्हणजे वारंवारता निम्मी झाली की) सुमारे १२ डेसिबलने. कंपनीने कितीही जाहिरात केली तरी हे गणित बदलत नाही.

मग बोलणं कसं कळतं? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, बाईचा १६५ ते २५५ च्या. म्हणजे दोन्ही या स्पीकरच्या आवाक्याबाहेर. पण त्या स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर ऐकू आले की मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झच देत होता, तरी आवाजावरून माणूस ओळखू यायचा तो याच कारणाने. स, श, ट, क ही व्यंजनं मुख्यतः २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतात आणि तिथे फोनचा स्पीकर चांगला काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: बोललेला शब्द ऐकायला हे साधन पुरेसं आहे, संगीताला अर्धंच.

"आवाज ३०० टक्के वाढवा" म्हणणारी अ‍ॅप्स काढून टाका. चांगल्या फोनमधला अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरकडे जाणारा विजेचा दाब आणि प्रवाह सतत मोजतो, त्यावरून कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) किती तापली आणि पडदा किती हलतोय याचा अंदाज घेतो आणि मर्यादा येताच हात आखडतो. बूस्टर अ‍ॅप त्याच्या आधीच ध्वनिलहरींचे माथे छाटून टाकतं. छाटलेली लहर सरासरीने जास्त ऊर्जा वाहते, कॉइल जास्त तापते, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात पडतो फाटका आवाज. ज्या स्वस्त फोनमध्ये ही राखण करणारी व्यवस्थाच नाही, तिथे कॉइल जळतेही.

मोबाइल दुरुस्ती, नाशिक

आमच्या टेबलावरच्या भाषेत खालचा मोठ्या आवाजाचा तो "रिंगर" आणि कानाला लागणारा तो "स्पीकर". गिऱ्हाईक "स्पीकर गेला" म्हणतं तेव्हा आधी कुठला ते विचारावं लागतं. २०१६ च्या आयफोन ७ पासून स्टीरिओची पद्धत बरीच पसरली. त्यात वरचा इअरपीसच (कानाला लागणारा) दुसऱ्या बाजूचा आवाज देतो, त्यामुळे हल्ली एक बाजू बारीक झाली तरी तक्रार येते.

आवाज बारीक झाला म्हणजे रिंगर गेलाच, असं नसतं. आधी जाळी बघा. खिशातला दोऱ्याचा भुगा, पीठ, घाम आणि चेहऱ्याची पावडर यांचा मिळून एक थर बसतो. लेथवर किंवा ग्राइंडरजवळ काम करणाऱ्यांच्या फोनला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, कारण रिंगरमध्ये चुंबक असतं. तो कीस ब्रशने नुसता सरकतो, निघत नाही. त्यासाठी भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी मिळते, तिची गोळी जाळीवर हलकेच दाबायची आणि सरळ वर उचलायची. बाकी धुळीला कोरडा, मऊ टूथब्रश. फोनची जाळीची बाजू जमिनीकडे धरून घासायचं, म्हणजे सुटलेला कचरा आत न जाता खाली पडतो. थर चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब ब्रशला लावायचा, फोनवर ओतायचा नाही.

सुई, टाचणी, सिमकार्डची पिन यांपैकी काहीही घालू नका. फोनच्या खालच्या बाजूला दोन जाळ्या दिसत असल्या तरी अनेक फोनमध्ये एकीमागेच रिंगर असतो, दुसरीमागे माइक. सुईने माइकचा पडदा फाटला की समोरच्याला तुमचा आवाजच जात नाही. गॅरेजमधली हवेची नळीही नको. त्या दाबाने पडदा जागेवरून सुटतो.

साफ करूनही फरक पडला नाही तर फोनला स्वतःचीच तपासणी करू द्या. सॅमसंगमध्ये डायलवर *#०*# आणि शाओमीमध्ये *#*#६४८४#*#* दाबलं की चाचणीचं पान उघडतं. तिथे रिंगर आणि इअरपीस वेगवेगळे वाजवून बघता येतात. चाचणीत वाजतो पण गाण्याला वाजत नाही, तर दोष सेटिंगचा. ब्लूटूथ कुठे जोडलेलं राहिलंय का, आणि हेडफोनच्या भोकात भुगा किंवा ओल अडकून फोनला हेडफोन लावल्यासारखं वाटतंय का, ते पाहा.

फोन उघडल्यावर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवायचा. रिंगर ६ ते ८ ओहमच्या आसपास दाखवतो आणि टोकं टेकताच बारीक "कट्" ऐकू येतं. जुन्या पद्धतीचा इअरपीस ३० ओहमच्या जवळपास असतो, स्टीरिओ फोनमधला मात्र रिंगरसारखाच कमी. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. आकडा बरोबर आहे पण आवाज मध्येच जातो, खरखरतो, तर सबबोर्डवरच्या (फोनच्या बुडाशी असलेल्या छोट्या सर्किट बोर्डवरच्या) स्प्रिंगच्या पत्त्या पाहायच्या. पावसाळ्यात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट काट चढतो. अल्कोहोलने पुसून पत्ती किंचित वर उचलली की बरेच फोन जुन्याच रिंगरवर वाजायला लागतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. काही फोनमध्ये रिंगरच्या मागच्या बंद डबीत खसखशीएवढे पांढरे मणी भरलेले असतात. घाईत डबी उचकटली की ते टेबलभर सांडतात आणि नवशिका कारागीर कचरा समजून पुसून टाकतो. तो कचरा नव्हे. ते सच्छिद्र मणी हवा शोषतात आणि सोडतात, त्यामुळे एवढीशी डबी पडद्याला मोठ्या डबीसारखी वाटते आणि थोडा खालचा आवाज मिळतो. मणी गेले की आवाज पातळ होतो. एखादा पडद्याजवळ अडकला तर ठराविक सुरालाच "झर्र" वाजतं. डबीभोवतीचं स्पंजाचं गॅस्केटही तितकंच महत्त्वाचं. ते न बसवता फोन बंद केला तर पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळते, दोघींचे दाब एकमेकांना खातात, आणि कोरा करकरीत रिंगरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. डिस्प्ले बदलल्यानंतर आवाज बिघडला अशी तक्रार असली की मी सर्वांत आधी गॅस्केट आणि इअरपीसची जाळी जागेवर आहे का, तेच पाहतो.

शास्त्रीय गायन शिकवणाऱ्या, पुणे

तानपुऱ्याला फोन चालतो, तबल्याला चालत नाही. एवढंच विद्यार्थ्यांना सांगून भागत नाही, म्हणून कारणही लिहिते.

गाण्याची पट्टी काळी एक असेल तर तानपुऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार ६९ हर्ट्झच्या आसपास आणि जोड १३८ च्या. दोन्ही फोनच्या आवाक्याखाली. पण तानपुऱ्याचं सगळं वैभव जवारीत असतं, आणि जवारी म्हणजे वरच्या उपस्वरांची झालर. ती फोनवर छान उमटते. षड्ज कळतो, गंधार कानावर येतो. फोन जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, कापड वरचे स्वर पिऊन टाकतं. लाकडी टेबलावर, कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवा. आवाज पूर्ण करू नका. पूर्ण आवाजात खरखरीचे जास्तीचे स्वर मिसळतात आणि सूर लावणाऱ्याची फसगत होते.

तबल्याचं दुखणं वेगळं. बायाचा (डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्याचा) घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो जवळजवळ गायबच होतो. तीनतालात ९ व्या मात्रेपासूनचा "धा तिं तिं ता, ता धिं धिं धा" घ्या. १० ते १३ या मात्रांना बाया गप्प असतो, आणि "खाली" (तालाचा हलका भाग) कानाला कळते ती त्या गप्प होण्यावरूनच. फोनवर बाया मुळातच ऐकू येत नाही, मग "धा" आणि "ता" सारखेच वाटतात, भरी-खाली पुसली जाते आणि विद्यार्थी समेवर (पहिल्या मात्रेवर) चुकतो. दोष त्याच्या तयारीचा नसतो. अ‍ॅपमध्ये बायाचा सूर चढवता येत असेल तर चढवा, नाहीतर ठेक्यासाठी साधा तारेने जोडायचा मोठा स्पीकर घ्या.

ब्लूटूथबद्दल विचारलं जातं. आवाज उशिरा पोहोचतो, पण आपण जे ऐकतो त्यालाच धरून गात असलो तर नुसत्या रियाजाला अडचण नाही. स्क्रीनवरची मात्रा बघून गाणार असाल किंवा त्याच फोनवर गाणं रेकॉर्ड करणार असाल तर मात्र गोंधळ होतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची, आणि साध्या ब्लूटूथचा उशीरही पाव सेकंदाच्या जवळ जाऊ शकतो. तिथे फोनचा स्वतःचा स्पीकरच बरा.

श्रवणयंत्रं बसवणारे, कोल्हापूर

वयानुसार आधी वरच्या वारंवारता कमी ऐकू येतात. "आवाज येतो पण शब्द कळत नाही" ही तक्रार त्यातूनच येते. अशा आजी-आजोबांना घुमणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरपेक्षा फोनवर बातम्या जास्त स्पष्ट कळतात, कारण फोन खालचा घुमारा देतच नाही आणि तो व्यंजनांवर चढत नाही. रिंगटोनही चिवचिवाटाची नको, ५०० ते २००० हर्ट्झमधली, जुन्या घंटीसारखी ठेवावी.

श्रवणयंत्र असेल तर फोन कानाच्या भोकाला चिकटवू नका, यंत्र शिटी मारतं. स्पीकरफोन लावून १५ ते ३० सेंटिमीटरवर धरा. यंत्राचा माइक बहुतेक वेळा कानामागे असतो, तिकडे फोनचं बूड वळवा.

लहान मुलांसाठी तर मी स्पीकरचाच आग्रह धरतो. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५ डेसिबल. हेडफोनमध्ये ती कधी ओलांडली ते आईवडिलांना बाहेरून कळत नाही. स्पीकर असेल तर स्वयंपाकघरातूनही कळतं.

पॉडकास्ट आणि गाण्यांचं मिक्सिंग, मुंबई

अंतिम मिक्स मी फोनवर ऐकल्याशिवाय देत नाही, कारण ऐकणारा तिथेच असतो. तीन गोष्टी तपासतो. ढोलकीची धुम आणि बास फोनवर ऐकू येतात का? येत नसतील तर आवाज वाढवून उपयोग नाही. त्या ट्रॅकला हलकं सॅच्युरेशन (मुद्दाम घातलेली किंचित विकृती) देऊन वरचे उपस्वर तयार करायचे, मग कान बास भरून घेतो. दुसरं, मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकायचं. एकच स्पीकर असलेल्या फोनवर उलट्या फेजमधली (जिथे दोन बाजूंच्या लहरी एकमेकींच्या उलट असतात) वाद्यं एकमेकांना खोडतात आणि चक्क गायब होतात. तिसरी गोष्ट बोलण्यासाठी: ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं उचलायचं, आणि पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी जोर मोजायचं एकक) आसपास ठेवायची. हळू ठेवलेला भाग पंख्याखाली बसून ऐकणाऱ्याला कळत नाही.

टॉकबॅक शिकवणाऱ्या

टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधली स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी हा स्पीकर म्हणजे स्क्रीनच आहे. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरली की टॉकबॅक सुरू होतो (सेटिंगमध्ये ती सोय चालू असावी लागते). टॉकबॅकचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा लावता येतो, तो आधी लावून घ्या. रस्त्यावर दोन्ही कान रहदारीला मोकळे हवेत, म्हणून फोन हनुवटीजवळ, आवाज कमी. बँकेच्या कामाला मात्र इअरफोन लावा. ओटीपी मोठ्याने वाचला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूसही तो ऐकतो.

रोज लोकल आणि बसने जाणारे

वरचं सगळं मान्य, पण घरात. डब्यात मोठ्याने रील लावणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे. मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय व्हिडिओ आणि गाणी लावायला मनाई केली, ती योग्यच होती. प्रवासात कॉल घ्यायचाच असेल तर फोन कानाला लावा. स्पीकरवर दोन्हीकडचं बोलणं सगळ्या डब्याला ऐकावं लागतं.

स्वयंपाकघराबद्दल थोडंसं

मिक्सर आणि एक्झॉस्टशी आवाजात स्पर्धा करू नका, फोन जवळ आणा. अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल मिळतात, तेही आवाज न फाटता. स्टीलच्या पातेल्यात ठेवला की जोर वाढल्यासारखा वाटतो, पण पातेलं स्वतःच्या सुरात घुमतं आणि शब्द गढूळ होतात. बुडाची जाळी भिंतीकडे करून, वीतभर अंतर ठेवून उभा करा, शब्द सुटे ऐकू येतात. कुकरच्या वाफेच्या वाटेत मात्र नको.

मोबाइल दुरुस्ती, नाशिक

पावसात भिजल्यावर काय करायचं असं विचारलंय. जाळीत पाणी असेल तर आवाज घोगरा येतो, म्हणून लगेच रिंगर बदलू नका. जाळी खाली करून तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात कोरड्या जागी ठेवा. पूर्ण सुकायला एक दिवसही लागतो. तोवर चार्जिंगला लावायचा नाही. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाचं पीठ भोकात जाऊन बसतं. साधारण १६५ हर्ट्झचा सूर वाजवून पाणी बाहेर ढकलता येतं, कारण त्या सुराला पडदा भरपूर हलतो. पण मध्यम आवाजात, दहा-पंधरा सेकंदच वाजवा आणि जाळी खाली धरा. समुद्राचं पाणी असेल तर यातलं काहीच करत बसू नका. मीठ सुकलं की पत्त्या खाल्ल्या जातात. फोन बंद करा आणि त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या.