प्रतिसाद: यूकेतला डबल बेड आणि ड्युव्हे

वर विचारलंय की लंडनच्या फ्लॅटमध्ये डबल बेड आहे, इथून डबलच्या चादरी न्याव्यात का, तर खरंच नका नेऊ. तिथला डबल १३५ बाय १९० सेंमी, म्हणजे साडेचार फूटच रुंद, आपली क्वीनची गादी साधारण तिथल्या किंगएवढी (१५० बाय २००) त्यामुळे इथली चादर तिथल्या डबलवर नुसती लोंबत राहते. आयकियाचा बेड असेल तर आधी टेप लावून मोजा, त्यांचे १४० आणि १६० सेंमी रुंदीचे असे युरोपियन साइज असतात, ब्रिटिश फिटेड शीट (कडेला इलॅस्टिक असलेली, गादीवर चढवायची चादर) नीट बसत नाही.

पांघरायला थेट कव्हर घातलेलं ड्युव्हे, म्हणजे मऊ फुगीर रजई, धुवायचं ते कव्हरच. त्यावरचा टॉग (उबेचं माप, आकडा जास्त तितकी ऊब जास्त) बघा, उन्हाळ्यात ४.५, थंडीत १३.५, कारण रात्री बरेच जण हीटिंग बंद ठेवतात. आणि दोघं असाल तर डबल बेडवरही ड्युव्हे किंगचंच घ्या, डबलचं २०० बाय २०० असतं, ओढाओढ होते हो!