शब्दचर्चा : ‘वर्ड असोसिएशन’च्या खेळाला मराठीत काय म्हणायचं?

माहीमवाली
गणपतीत आमच्या सोसायटीत दरवर्षी प्रश्नमंजूषा होते आणि दरवर्षी तीच चार घरं जिंकतात. यंदा शब्दांचा एक खेळ घ्यायचा विचार आहे. अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवर १९८० साली ‘चेन रिअ‍ॅक्शन’ लागायचा, बिल कलन सूत्रसंचालक. १४ जानेवारीला सुरू झाला, २० जूनला बंद. त्याच्यासकट तीन खेळांना एकदम नारळ दिला आणि त्या वेळेत डेव्हिड लेटरमनचा सकाळचा कार्यक्रम आणला. (तोही ऑक्टोबरमध्ये गुंडाळला, म्हणजे कोणाचंच भलं झालं नाही.) पुढे हा खेळ दुसऱ्या वाहिन्यांवर परत आला, पण मला आवडतो तो पहिलाच.

खेळ असा: शब्दांची उभी साखळी. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा शब्द दिसतो, मधले झाकलेले. दिसणाऱ्या शब्दाला लागून असलेल्या शब्दाचं एकेक अक्षर मागायचं आणि शब्द ओळखायचा. शेजारच्या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध हवा. इंग्रजीत समजा ब्लॅक, बोर्ड, रूम, सर्व्हिस, चार्ज.

या प्रकाराला ‘वर्ड असोसिएशन’ म्हणतात. फलकावर मराठीत काय लिहू? आणि मुळात हे मराठीत जमेल का?

गिरगावकर काका
त्यात शोधायचं काय? मानसशास्त्रात ‘साहचर्य’ हा शब्द रुळलेला आहे. ‘शब्दसाहचर्य’ लिहा. मानसोपचारतज्ज्ञ युंग झुरिकला रुग्णांना एकेक शब्द ऐकवून मनात पहिलं काय येतं ते विचारायचा, तीच ही गोष्ट. १९१० मध्ये केंट आणि रोझानॉफ या अमेरिकी संशोधकांनी शंभर शब्दांची यादी हजार माणसांना ऐकवली होती. ‘टेबल’ म्हटलं की सगळ्यात जास्त लोकांच्या तोंडून ‘खुर्ची’ आलं.

विक्रोळीचा
काका, ‘शब्दसाहचर्य’ असा फलक लावला तर मंडपात माइकवाल्याशिवाय कोणी थांबणार नाही. ‘शब्दांच्या भेंड्या’ लिहा, सगळ्यांना कळेल.

माहीमवाली
कळेल, पण चुकीचं कळेल ना. भेंड्या म्हटलं की लोक शेवटचं अक्षर धरणार. ‘कमळ’वर ‘ळ’ आला म्हणून भांडणं सुरू. इथे अक्षराचा काही संबंध नाही.

बोरिवलीच्या बाई
शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

काका, तुम्ही सांगताय ते साहचर्य खरंच, पण या खेळात ते नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका इंग्रजी नावाखाली आल्यात. ‘पाऊस’ म्हटल्यावर मला ‘छत्री’ आठवली तर ते साहचर्य. मनात दोन्ही शेजारी आहेत, पण ‘पाऊसछत्री’ असा शब्द मराठीत नाही. याउलट ‘ब्लॅक’ आणि ‘बोर्ड’ यांचं मनात काही नातं नाही; ते भाषेत एकमेकांना चिकटलेत, इतकंच. पहिल्या प्रकारावर उभा असलेला खेळ म्हणजे अमेरिकी टीव्हीवर १९६१ साली सुरू झालेला ‘पासवर्ड’: एका शब्दाची खूण द्यायची आणि जोडीदाराने मनातला शब्द ओळखायचा. गंमत म्हणजे ‘पासवर्ड’ आणि ‘चेन रिअ‍ॅक्शन’ दोन्ही एकाच माणसाच्या, बॉब स्टुअर्टच्या डोक्यातून निघालेले. ‘टेबलखुर्ची’ला मात्र दोन्ही लागू पडतं, म्हणून तुमचं उदाहरण फसवं आहे.

तेव्हा माहीमवाली, तुमच्या खेळाला साहचर्य म्हणू नका. त्यात जे लागतं त्याला आपण ‘जोडशब्द’ म्हणतोच. ‘जोडसाखळी’ म्हणा.

आणि जमेल का म्हणून काय विचारता? हे घ्या:

कांदा – बटाटा – वडा – पाव – भाजी – पाला – पाचोळा

कांदाबटाटा, बटाटावडा, वडापाव, पावभाजी, भाजीपाला, पालापाचोळा. वाशीच्या मार्केटपासून शिवाजी पार्कातल्या झाडांखालपर्यंत एका दमात. दुसरी: घर – काम – धंदा – पाणी – पट्टी. घरकाम, कामधंदा, धंदापाणी, पाणीपट्टी. यातलं ‘पाणी’ बघा. ‘धंदापाणी’त ते प्यायचं पाणी नाही, ‘चहापाणी’त अर्धवट आहे आणि सरकारी कचेरीत कोणी ‘चहापाण्याचं बघा’ म्हणालं तर त्यात चहाही नाही. ‘पाणीपट्टी’त मात्र महापालिकेचं खरं पाणी. एका घरात शिरताना शब्दाचा एक अर्थ, त्याच घरातून बाहेर पडताना दुसरा. खेळाची सगळी मजा तिथेच आहे.

अडचणी दोन. एक, अंशाभ्यस्त शब्द, म्हणजे ज्यांत शब्दाचा काही भागच पुन्हा येतो. ‘शेजारीपाजारी’, ‘दगडबिगड’. ‘पाजारी’ला स्वतःचा संसार नाही, त्याच्यापुढे काही जोडताच येत नाही. साखळी तिथे मेली. म्हणून असे शब्द फक्त सगळ्यात खाली चालतील, मध्ये नाही. ‘पाचोळा’चं तसं नाही बरं का, तो एकटाही उडतो.

दुसरी, जोडताना शब्द बदलतो. ‘घोडागाडी’त घोडा सरळ राहतो, पण ‘घोडेस्वार’ म्हटलं की ‘घोडे’ झाला. इंग्रजी शब्द ठोकळ्यासारखे शेजारी ठेवता येतात, आपले शब्द हात लावला की वाकतात. माझं मत, अशा जोड्या सरळ बाद करा. नाहीतर मंडपात व्याकरणाचा तास होईल आणि मला बोलवायची पाळी येईल.

विक्रोळीचा
बाई, ‘चा-ची-चे’ लावलेलं चालेल का? ‘मुंबईचा – पाऊस’?

बोरिवलीच्या बाई
नाही. ‘चा’ लावून जगात काहीही कशालाही जोडता येतं. मग कोडं कसलं?

गिरगावकर काका
‘जोडसाखळी’ मान्य. पण नोंद म्हणून सांगतो, एका चरणाची शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या सुरुवातीला आणायची, याला आपल्याकडे ‘दामयमक’ म्हणतात. दाम म्हणजे दोर, माळ. मोरोपंतांनी ते भरपूर वापरलंय. नाव त्या अंगाने शोधलं असतं तर ‘शब्ददाम’ छान झालं असतं.

विक्रोळीचा
काका, ‘शब्ददाम’ वाचून लोक विचारतील, एका शब्दाचे किती?

मुलुंडकर
उशिरा येतोय. नाव ठरलं असेल तर अक्षराबद्दल एक शंका. इंग्रजीत ‘बोर्ड’चं पहिलं अक्षर उघडलं तर नुसतं ‘बी’ मिळतं, पुढे चार शिल्लक. आपल्याकडे ‘भाजी’चं पहिलं अक्षर म्हणून ‘भा’ दिलं तर अर्धा शब्द हातात आला. ‘पाव’, ‘वडा’, ‘पाला’ सगळे दोन अक्षरी. शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, ते तिथे ठीक. इथे ताण राहत नाही.

मी घरी करून पाहिलं. उलटं करा: आधी फक्त काना, मात्रा, वेलांटी दाखवायची, व्यंजन झाकायचं. ‘भाजी’साठी पहिल्या घरात नुसता काना, दुसऱ्यात दुसरी वेलांटी. मग ती गाडी आहे, काठी आहे, पाटी आहे की भाजी, हे शेजारच्या शब्दावरून ठरवायचं. मागितल्यावर एकेक व्यंजन उघडा. बायको पहिल्या फेरीत वैतागली, दुसऱ्या फेरीत तिने मला हरवलं.

माहीमवाली
हे फारच छान. पाट्या मुलांकडून तशाच करून घेते. ‘पाव’मधला ‘व’ मात्र उघडाबोडका, त्याचं काय?

मुलुंडकर
घर रिकामं ठेवायचं. रिकामं आहे म्हणजे ‘अ’कारान्त, हीच खूण.

बोरिवलीच्या बाई
नियम सुचवला त्यांना माझ्याकडून शाबासकी. आमच्या वेळी हे सुचलं असतं तर ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला इतका घसा कोरडा पडला नसता.

माहीमवाली, त्या कार्यक्रमाची शेवटची फेरीही घ्या. तिथे दोघांनी मिळून एक प्रश्न तयार करायचा, आळीपाळीने एकेक शब्द बोलून, आणि तिसऱ्याने उत्तर ओळखायचं. इंग्रजीत सुरुवात बहुतेक ‘व्हॉट’ किंवा ‘हू’ने होते, पुढे ‘डू, यू, होल्ड, ओव्हर, युअर, हेड’ असं रखडत जातं. मराठीत प्रश्नार्थक शब्द कुठेही येऊ शकतो. ‘पावसात – डोक्यावर – काय – धरतात?’ चार शब्दांत खेळ खलास, कारण ‘वर’ डोक्यालाच चिकटून आला. त्यातून कोणी ‘कोणती’ म्हणालं की उत्तर स्त्रीलिंगी, अर्धी यादी आपोआप गळाली. ‘कोणता, कोणती, कोणतं’वर बंदी घाला, नुसतं ‘काय’ आणि ‘कोण’ चालू द्या. वेळही कमी ठेवा, मराठीत तीस सेकंद भरपूर झाले.

माहीमवाली
लिहून घेतलं. फलकावर ‘जोडसाखळी’ जाणार. एक साखळी तपासून द्या: वर ‘दूध’, खाली ‘वस्ती’, मधली तीन घरं झाकलेली.

गिरगावकर काका
पहिल्या घरातलं पहिलं व्यंजन द्या.

माहीमवाली
‘भ’. पुढे काना आहेच.

विक्रोळीचा
भात! मग भातशेती, शेतीवाडी, वाडीवस्ती. झालं. अजून अवघड काहीतरी काढा, आमच्याकडे यापेक्षा हुशार पोरं आहेत.

माहीमवाली
तुमच्या पोरांना आमच्या सोसायटीत प्रवेश नाही. पण साखळी बदलते.